पंपावरचा भागधारक

२ जानेवारी

या वर्षीचा संकल्प: श्रीमंत होणे. मागच्या वर्षीचा वजन कमी करण्याचा होता. पण माणसाने एका वेळी एकच ध्येय ठेवावं असं परवा कुठेतरी वाचलं, म्हणून वजन रद्द.

अर्धं आयुष्य पेट्रोल पंपावर सुपरवायझर म्हणून गेलं. दुसऱ्यांच्या टाक्या भरल्या, आता आपली भरायची. मार्ग सापडला आहे. इलेक्ट्रिक गाड्या करणारी ती कंपनी, जिच्या नावाने सध्या सगळीकडे ओरड चालू आहे, तिचे शेअर घ्यायचे. ओरड चालू आहे म्हणूनच ते स्वस्त आहेत. कंपनीवर दोन केसेस आहेत. एक मालकाच्या जुन्या भागीदाराची, तो म्हणतो बॅटरीचं डिझाइन माझं. दुसरी गिऱ्हाइकांची, ते म्हणतात गाडी अर्धं चार्जिंग दाखवते आणि भर रस्त्यात बंद पडते. लोक घाबरून शेअर विकतायत. मी घाबरत नाही. किरकोळ कंपनीवर कोण केस करतं? माझ्यावर आजपर्यंत एकही झालेली नाही.

५ जानेवारी

थोडे घेतले. स्वतःच्या पगारातून.

संध्याकाळी साडूचा फोन. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बँकेत कॅशियर. पैसे सगळे फिक्स डिपॉझिटमध्ये, आणि स्वभावही तिथलाच. त्याला काही सांगितलं नाही. वेळ आली की बंगला बघून कळेलच.

११ जानेवारी

शोध लागला आहे. लिहून ठेवतो.

आमच्या पंपाशेजारून एक गल्ली आत जाते. गल्लीच्या टोकाला उंच भिंतीचं मोठं आवार आहे, ते माझ्या कंपनीचं. गाड्या लादलेले मोठे ट्रेलर शहराच्या बाजूने येतात, आमच्याकडे डिझेल भरतात, गल्लीत वळतात आणि रिकामे होऊन परत जातात. पूर्वी कधीमधी एखादा यायचा. आता रोज येतात.

टीव्हीवरच्या टायवाल्या पंडितांकडे आकडे असतात. माझ्याकडे डिझेलचं नोझल आहे. कारखाना नक्की कुठे आहे ते माहीत नाही, पण ट्रेलर येतात तिकडेच असणार. म्हणजे माल धडाधड तयार होतोय, इथे साठतोय आणि इथून जगभर जाणार. जगातल्या एकाही विश्लेषकाला हे दिसलेलं नाही, कारण एकही विश्लेषक आमच्या पंपावर डिझेल भरत नाही.

एका ट्रेलरवाल्या काकांना सहज विचारलं, काम कसं काय. म्हणाले, तुफान, वर्षभर तरी पुरेल. कुणाला संशय येऊ नये म्हणून पुढे काही विचारलं नाही.

आणखी थोडे घेतले.

१९ जानेवारी

ट्रेलरवरच्या गाड्यांना नंबर प्लेट आहेत. काहींच्या चाकांना चिखल आहे. आधी जरा चमकलो. मग लक्षात आलं की कंपनी प्रत्येक गाडी रस्त्यावर चालवून तपासते. याला म्हणतात क्वालिटी. एका गाडीच्या मागच्या काचेत लहान मुलाचा कापडी ससा होता. गिऱ्हाइकाला गाडी घरच्यासारखी वाटावी म्हणून ठेवला असणार. इतका बारीक विचार करणारी कंपनी बुडेल कशी?

२४ जानेवारी

बायको घरीच शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, उसवलेलं-फाटलेलं. समोरची खोली तिची, म्हणजे तिच्या मशीनची. मी बसतो त्या खुर्चीत टाचण्या असतात.

कोपऱ्यावरचे घड्याळजी म्हातारपणामुळे दुकान सोडणार आहेत आणि गाळा हिलाच देणार म्हणतात. डिपॉझिट एप्रिलअखेर द्यायचं. हिच्या डोळ्यांत कित्येक वर्षांपासून तो गाळा आहे. बाजारात जाताना ती नेहमी त्याच्यासमोरून जाते, मग रस्ता लांबचा पडला तरी. जेवताना विचारलं, बँकेतले पैसे आहेत ना सगळे. खातं दोघांच्या नावावर, पण पैसे बहुतेक हिच्या शिलाईचे. म्हटलं, आहेत.

तेव्हा होते.

२७ जानेवारी

त्यातले अर्धे शेअरमध्ये लावले. नीट विचार केला. बँकेत पडून त्यांचं काय होणार होतं? एप्रिलपर्यंत दुप्पट होतील. हिचं डिपॉझिट देऊन वर नवीन मशीन. तोंडात बोट घालेल. तोपर्यंत बोलायचं नाही, सरप्राइज.

जेवताना गप्प होती. दमली असेल.

३ फेब्रुवारी

दूरदृष्टीचं आणखी एक पाऊल. गिऱ्हाईक वाढलं की कंपनी वाढते, मग गिऱ्हाईक आपणच का आणू नये? साडूला फोन केला. तासभर समजावलं. पेट्रोलचे दिवस संपले, हे मी पेट्रोल पंपावरून सांगतोय, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा. केसेसचं विचारलं त्याने. म्हटलं, जळतात लोक. बँकेतला माणूस, आधी सगळे कागद वाचतो म्हणाला. कागद वाचून माणूस कधी मोठा होत नाही.

८ फेब्रुवारी

साडूने गाडी घेतली. पिस्ता रंगाची. त्याच्याकडून असली चव अपेक्षितच होती. मागच्या बंपरला पहिल्याच दिवशी फाटक घासलं.

१२ फेब्रुवारी

भागीदाराच्या केसची तारीख होती. पुढे ढकलली. म्हणजे समोरच्याकडे पुरावा नाही.

१३ फेब्रुवारी

गिऱ्हाइकांच्या केसची तारीख होती. पुढे ढकलली नाही. म्हणजे कोर्टालाही हा पोरखेळ लवकर उरकायचा आहे.

भाव थोडा खाली. फोनवर आमचा गुंतवणूकदारांचा ग्रुप आहे. त्यात एक जण रोज सकाळी सल्ला देतो, आम्ही त्याला गुरुजी म्हणतो. गुरुजींनी लिहिलं की भाव विश्रांती घेतोय. मीही घेतली. पंपाच्या मालकांनी उठवलं.

२० फेब्रुवारी

घरात नवीनच कटकट. बायकोने कुठलं तरी जाडजूड करड्या कापडाचं काम घेतलं आहे. पाणी न शिरणारं कापड, तागेच्या तागे. समोरची खोली भरली, आता पॅसेजमध्ये आलंय. मोठाल्या झोळ्यांसारखं काहीतरी शिवते, कडेला इलॅस्टिक. तंबू असावेत. मी टोक धरायचं आणि तिने कापायचं, अशी संध्याकाळ जाते. कसलं काम आहे विचारलं. तुमच्या पंपाशेजारच्या गल्लीत ते आवार आहे ना, असं काहीतरी ती सांगायला लागली, तेवढ्यात गुरुजींचा मेसेज आला. तो वाचेपर्यंत तिचं बोलून झालं होतं. पुन्हा काय विचारायचं?

२६ फेब्रुवारी

पंपावर येणाऱ्यांना आता मोकळेपणाने सांगतो की ही गाडी विका, इलेक्ट्रिक घ्या. दोघांनी मान डोलावली. तिसरे मालकांचे व्याही निघाले. मालकांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं की तुला पगार कोण देतं. प्रश्न चांगला आहे. फार दिवस तुम्ही देणार नाही, हे उत्तर मनात ठेवलं.

४ मार्च

भाव आणखी खाली. ट्रेलर मात्र दुप्पट झाले. आज तर रांग होती, डिझेल संपत आलं. बाजार आंधळा आहे. डोळस फक्त मी.

९ मार्च

आनंदाची बातमी. कंपनीने नवे शेअर काढले, जुन्या भागधारकांना स्वस्तात. पैसे थेट कंपनीला जाणार. पत्रकात स्वच्छ लिहिलंय: कायदेशीर वादांचं निवारण आणि मालमत्तेचं संरक्षण. बघा. आपली मालमत्ता जपणारी कंपनी. मी स्वतःची छत्रीसुद्धा जपत नाही.

बँकेतले उरलेले सगळे यात घातले. हात क्षणभर अडला होता. मग डोळ्यांपुढे साडू आणला.

१४ मार्च

बायको खुशीत. म्हणाली, करड्या कामाची आणखी मोठी ऑर्डर आली, ॲडव्हान्स पूर्ण. तिचा नियमच आहे, पैसे हातात आल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. मनात हसलो. किरकोळ विचार. असा विश्वास न टाकणारी माणसं मोठी होत नाहीत.

मग तिने विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. म्हटलं, नाही, का. म्हणाली, काही नाही, टोक सरळ धरा.

१७ मार्च

साडूचा फोन. गाडी चौकात मधोमध बंद पडली. अर्धं चार्जिंग दाखवत होती. चारी बाजूंनी हॉर्न, आणि हा आत. आता तो गाडी परत करणार आणि गिऱ्हाइकांच्या केसमध्ये नाव घालणार. मी त्याला धीर धरायला सांगितलं. म्हटलं, घाईने निर्णय घेऊ नये. तो म्हणाला की गाडी सोडून बाकी सगळे घाईतच आहेत.

मनाला लागलं. आपल्याच कंपनीवर आपलाच साडू केस करतो. नातं म्हणून काही राहिलंच नाही.

२९ मार्च

आज एका ट्रेलरवर पिस्ता रंगाची गाडी दिसली. बंपर घासलेला. म्हणजे हा रंग चांगलाच खपतोय. बंपरचं काय ते कळलं नाही. फॅशन असेल.

६ एप्रिल

आपल्याला फक्त एक चांगला दिवस हवा. एकच. गिऱ्हाइकांच्या केसचा निकाल बावीस तारखेला. मी मनात सगळं आखून ठेवलं आहे: निकाल आपल्या बाजूने, भाव चौपट, तेवीसला विक्री, चोवीसला घड्याळजींच्या हातात डिपॉझिट.

बायको हल्ली गाळ्याचा विषयच काढत नाही. मला वाटलं होतं रोज विचारेल. विचारत नाही, हे बरंच आहे.

१५ एप्रिल

राजीनामा दिला. एक मेपासून मोकळा. मालकांनी पत्र वाचलं, ड्रॉवर उघडला आणि माझी आधीची दोन पत्रं काढून शेजारी ठेवली. एक मधमाशांच्या वर्षीचं, एक मशरूमच्या. तिन्ही एकत्र टाचली. माणसाला उपहास करण्याशिवाय दुसरं काही येत नाही.

२२ एप्रिल, सकाळी

इस्त्रीचा शर्ट घातला. आज निकाल.

२२ एप्रिल, संध्याकाळी

निकाल लागला. नीट समजलेला नाही. कोर्टाने कंपनीला सगळ्या गाड्या परत घेऊन गिऱ्हाइकांना व्याजासकट पैसे द्यायला सांगितलं. सगळ्या म्हणजे नक्की कोणत्या, हे बघावं लागेल. शेअरची खरेदी-विक्री थांबवली आहे. गुरुजी ग्रुपमधून बाहेर पडले. नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल.

जेवलो नाही. उपाशीपोटी विचार चांगला होतो.

२३ एप्रिल

शांतपणे विचार केला. सगळ्या गाड्या परत घ्यायच्या, तर त्या आधी परत यायला हव्यात. परत आलेल्या मला तरी दिसल्या नाहीत. मी तर पंपावरच असतो. मला फक्त गल्लीत आत जाणारे ट्रेलर दिसतात.

२६ एप्रिल

हे लिहायचं नव्हतं. पण कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

बायको म्हणाली की करड्या कामाचा शेवटचा गठ्ठा पोहोचवायचा आहे, टेम्पो सांगितलाय, हात लावायला चला. कुठे, ते मी विचारलं नाही. टेम्पो आमच्या पंपाशेजारच्या गल्लीत वळला तेव्हा म्हटलं, अरे वा, माझ्या कंपनीकडेच. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

फाटकावरच्या माणसाला मी भागधारक असल्याचं सांगितलं. त्याने मला गठ्ठा उचलायला सांगितला.

आत गेलो. नजर जाईल तिथपर्यंत गाड्या. बहुतेकांवर करडी कव्हरं, कडेला इलॅस्टिक. ज्या तंबूंची टोकं मी दोन महिने धरली होती, ते म्हणजे ही कव्हरं. उघड्या गाड्यांच्या काचांवर कागद चिकटवलेले, गाडीमालकाचं नाव आणि खाली मोठ्या अक्षरात: परत. तिथल्या सुपरवायझरने आपणहून माहिती दिली. डिसेंबरपासूनच लोक गाड्या परत आणून टाकतायत, तक्रारी वाढत गेल्या तशा ट्रेलर वाढले. कारखाना तर दुसऱ्याच टोकाला आहे आणि दिवाळीपासून बंद. ऊन-पावसाने गाड्या खराब झाल्या तर कोर्टात आणखी फजिती, म्हणून कव्हरं. त्याच्या मुलांचे गणवेश आमच्याकडे शिवले जातात, म्हणून काम बायकोला दिलं. काम फार सुबक आहे, असंही म्हणाला.

मग आम्ही दोघांनी कव्हरं घातली. ती एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. एकेक गाडी झाकत गेलो. मध्येच कापडी ससा दिसला, तो अजून काचेतच होता. शेवटची गाडी पिस्ता रंगाची. तिलाही घातलं. टोक सरळ धरलं, या वेळी तिला सांगावं लागलं नाही.

२६ एप्रिल, पुढे

परत येताना टेम्पोत सांगून टाकलं. सगळे पैसे गेले, तुझा गाळा गेला, असं म्हटलं.

ती म्हणाली, माहीत आहे. खातं उघडलं तेव्हा माझा फोन दुरुस्तीला होता, म्हणून मी तिचा नंबर दिला होता. बँकेचे मेसेज तेव्हापासून तिलाच जातात. पहिले पैसे काढले त्याच संध्याकाळी तिला कळलं. दुसरे काढले तेव्हा ती कव्हरांचा हिशोब करत होती. या कंपनीत टाकलेत हेही तिला माहीत होतं, कारण मी झोपेत भाव बोलतो. तरी मापं घ्यायला गेली तेव्हा पाहिलेला ससा, नंबर प्लेट, आवार, सगळं तिने मला सांगायचा प्रयत्न केला, आणि दर वेळी मी फोनकडे पाहिलं.

मग थांबवलं का नाहीस, असं मी विचारलं. वर तोंड करून विचारलं, खरं तर. ती म्हणाली, रोज जेवताना वाट बघायचे की आज सांगतील. तुम्ही जेवायचात, मी ताटं उचलायचे. पैसे गेल्याचं एकदाच रडू आलं, तुम्ही सांगत नाही याचं रोज.

लाज वाटली. अजून वाटते आहे.

घर आलं तेव्हा तिने सांगितलं की गाळ्याचं डिपॉझिट मार्चमध्येच देऊन झालंय. दुसऱ्या ऑर्डरच्या ॲडव्हान्समधून.

२९ एप्रिल

मालकांना भेटून राजीनामा परत मागितला. म्हणाले, मी तो घेतलाच नव्हता, नुसता टाचला होता.

१४ मे

साडूला सगळे पैसे मिळाले. व्याजासकट. फिक्स डिपॉझिटपेक्षा जास्त पडलं म्हणाला, आणि सल्ल्याबद्दल माझे आभार मानले. मनापासून मानले, हे जास्त वाईट.

कंपनी गुंडाळणार आहेत. उरलंसुरलं विकून आधी गिऱ्हाइकांचं, मग बँकांचं, मग माल पुरवणाऱ्यांचं देणं भागवणार. भागधारक सगळ्यांत शेवटी. आमच्यापर्यंत काही येण्याची शक्यता नाही, असं पत्रात छापलंय, पण कागद उत्तम वापरलाय.

२ जुलै

दुकान सुरू झालं. घड्याळजी स्वतः आले होते. बाहेर पाटी: गणवेश, पडदे, गाडीची कव्हरं. कॉलरचे कागदी नमुने कापायला जाड कागद हवा होता, तिने कंपनीचा वार्षिक अहवाल घेतला. रंगीत पानं टिकतात म्हणाली.

कात्री चालू असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मार्चमधले नवे शेअर मी थेट कंपनीकडून घेतले. त्याच पैशांतून कंपनीने मालमत्तेच्या संरक्षणासाठी हिला ॲडव्हान्स दिला. त्या ॲडव्हान्समधून हिने डिपॉझिट भरलं. म्हणजे माझे पैसे फिरून घरातच आले. म्हणजे गुंतवणूक तशी यशस्वी झाली. हे तिला समजावून सांगितलं. ती टाचण्या तोंडात धरून ऐकत होती, त्यामुळे तिचं मत कळलं नाही.

सुटीच्या दिवशी दुकानात टोक धरायचं काम मला मिळालं आहे. पगार नाही. माझी स्कूटर पंपावर दिवसभर उन्हात असते, तिला एक कव्हर शिवून दे म्हटलं. तिने टाचण्या तोंडातून काढल्या, माप घेतलं, किंमत सांगितली आणि ॲडव्हान्स मागितला.

पगार सात तारखेला होतो.